सर्व्हो घेताना आधी बीईसी बघा, रिसीव्हर घेताना आधी रिमोट

माझं रिमोटवर उडणारं विमान नाशिकच्या मखमलाबादच्या पुढे एका द्राक्षबागेत पडलं तेव्हा मी सगळ्यात आधी रिसीव्हरला, म्हणजे विमानात बसून रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या डबीला, शिव्या घातल्या. सनपॅक शीटचं, १४०० मिमी पंखांचं, दोन सुट्ट्या घालून बनवलेलं विमान. दोन चकरा मस्त मारल्या, तिसऱ्या वळणावर मी एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) ओढला तर नाक खालीच, अर्धा सेकंद काहीच नाही, मग एकदम सगळे सर्व्हो, म्हणजे या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी, थरथरले आणि विमान थेट मांडवात. बाग ज्यांची ते आबा एका हातात पंख आणि दुसऱ्या हातात मोटर घेऊन तारांखालून वाकून बाहेर आले आणि म्हणाले, "कालच औषध मारलंय बागंला, घरी जाऊन हात धुवा बरं का." बाकी काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

घरी येऊन नवा रिसीव्हर मागवला. पंख चिकटवला, सगळं परत जोडलं, आणि पुढच्या पुढच्या रविवारी तेच. फरक एवढाच की यावेळी मोकळ्या रानात पडलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की रिसीव्हर दोन वेगळे आणि आजार एकच, म्हणजे आजार दुसरीकडे आहे.

मग जमिनीवर बसून, प्रॉपेलर काढून, रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलला मल्टिमीटर लावला. नुसतं चालू केलं तर ५ व्होल्ट. एक सर्व्हो हलवला, ४.७. मग दोन्ही स्टिक एकदम गोल गोल फिरवल्या, चारही सर्व्हो एकाच वेळी पळायला लागले, आणि आकडा ४.१, ३.८, रिसीव्हरचा दिवा मिचकावला आणि सगळं क्षणभर मेलं. मल्टिमीटर तसा सुस्त प्राणी, खरा खड्डा त्याने दाखवला त्याहून खोल असणार. म्हणजे सिग्नल कुठेच गेला नव्हता, रिसीव्हरलाच जेवायला मिळत नव्हतं.

हा लेख त्यासाठी. नवीन मुलं विचारतात की सेटबरोबर आलेले सर्व्हो बदलायचेत, कुठले घेऊ, रिसीव्हर कुठला घेऊ, आणि दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारतात. पण विमानात ते वेगळे नसतातच. रिसीव्हर म्हणजे रेडिओ तर आहेच पण तो घरातल्या एक्स्टेन्शन बोर्डासारखा पण आहे, ईएससीमधून येणारे ५ व्होल्ट त्याच्याच पिनांवरून सगळ्या सर्व्होंना जातात. त्यामुळे सर्व्होने जास्त करंट ओढला की उपाशी राहतो तो रिसीव्हर. मळ्यात पाण्याची मोटर सुरू झाली की घरातला बल्ब पिवळा पडतो ना, तसंच, फक्त इथे बल्बच्या जागी विमानाचा मेंदू आहे.

आता ते ५ व्होल्ट येतात कुठून. ईएससी म्हणजे मोटरचा स्पीड कंट्रोलर, त्याच्यातच एक छोटं सर्किट असतं बीईसी नावाचं, ते बॅटरीचे ११-१२ व्होल्ट कमी करून ५ करतं. स्वस्त ३० अँपियरच्या ईएससीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं बीईसी ५ व्होल्ट २ अँपियर, आणि ते बहुतेक वेळा लिनिअर जातीचं असतं. लिनिअर म्हणजे जास्तीचे व्होल्ट तो नुसते जाळून टाकतो. फुल चार्ज थ्रीएस, म्हणजे तीन सेलची, बॅटरी १२.६ व्होल्टची, पाहिजेत ५, मधले ७.६ व्होल्ट गरम होऊन वाया. एक अँपियर ओढला तर ७.६ वॅट उष्णता, दोन ओढले तर १५ वॅट. आपलं साधं सोल्डरिंग आयर्न असतं २५ वॅटचं, म्हणजे त्याच्या निम्म्याहून जास्त उष्णता नखाएवढ्या एकदोन चिपांमध्ये, ती पण फोमच्या पोटात बंद, आणि बाहेर नाशिकचा मे महिना. म्हणून लेबलवरचे २ अँपियर हे कागदावरचे २ अँपियर समजायचे, आणि फोरएस बॅटरी लावली तर त्याहून कमी.

माझ्या विमानात होते चार एमजी९९६आर. का घेतले होते तर सरळ हिशोब, ११ किलो टॉर्क (फिरवायची ताकद) लिहिलंय, जास्त ताकद म्हणजे जास्त सेफ. या सर्व्होच्या डेटाशीटमध्ये ६ व्होल्टला चालताना ५०० ते ९०० मिलीअँपियर आणि अडकला तर २.५ अँपियर असं दिलेलं असतं. आता गंमत अशी आहे की कुठलीही डीसी मोटर थांबलेल्या अवस्थेतून सुटते त्या क्षणी ती अडकल्याएवढाच करंट मागते. चार सर्व्हो एकदम सुटले तर क्षणभर ८-१० अँपियरची मागणी, आणि देणारा २ अँपियरवाला. वळणावर नेमकं काय होतं, एलेरॉन (पंखावरची पट्टी) पण हलतो, एलेव्हेटर पण हलतो, रडर (शेपटीची उभी पट्टी) पण, म्हणून विमानं बहुतेक वळणावरच "सिग्नल जाऊन" पडतात. सरळ उडताना कुणाचा सिग्नल जात नाही बघा.

वर वजन. एक एमजी९९६आर ५५ ग्रॅम, चार म्हणजे २२०. त्याच जागी छोटे एमजी९०एस सर्व्हो लावले तर साडेतेरा ग्रॅमच्या आसपास एक, चार मिळून ५४. मी एका १४०० मिमीच्या विमानात दीडशे ग्रॅमहून जास्त फुकटचं वजन उडवत होतो.

मग टॉर्क लागतो तरी किती, हे एकदा ढोबळ का होईना काढून बघा, कारण इथेच सगळ्यांचा अंदाज चुकतो. आधी किलो-सेंटीमीटर म्हणजे काय ते. सर्व्होवर १.८ किलो-सेंटीमीटर लिहिलं असेल तर त्याचा हात मध्यापासून १ सेंटीमीटर अंतरावर १.८ किलो कसाबसा पेलेल, २ सेंटीमीटरवर त्याच्या निम्मं, ९०० ग्रॅम. कसाबसा म्हणजे तो आकडा अडकून बसतानाचा असतो, कामाला निम्माच धरायचा.

आता एलेरॉन घ्या, ३० सेंटीमीटर लांब आणि ४ सेंटीमीटर रुंद पट्टी. विमान ताशी ६० किलोमीटरने चाललंय. त्या वेगाला वाऱ्याचा दाब पडतो दर चौरस मीटरला साधारण १७ किलो. आपली पट्टी १२० चौरस सेंटीमीटरची, म्हणजे अगदी ती वाऱ्याला पूर्ण आडवी उभी केली तरी तिच्यावर जोर साधारण २०० ग्रॅम, आणि तो पट्टीच्या मध्यावर म्हणजे बिजागरीपासून २ सेंटीमीटरवर धरला तर ०.४ किलो-सेंटीमीटर. पट्टी कधीच पूर्ण आडवी होत नाही, २५-३० अंशच वळते, म्हणजे खरी गरज त्याच्याही निम्म्याने. आणि मी तिथे ११ किलोवाला लावून बसलो होतो! एमजी९०एसचे ४.८ व्होल्टचे १.८ किलो, त्याचं निम्मं ०.९, तरी दुप्पट शिल्लक.

पण वेग वाढला की हा हिशोब फार पटकन बिघडतो कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. तीच पट्टी ताशी १२० ला नेली तर ०.४ चे १.६ होतात. म्हणून आकाराने छोटं पण पळणारं विमान, पायलॉन रेसर वगैरे, किंवा थ्रीडीवाली म्हणजे कसरती करणारी विमानं ज्यांच्या पट्ट्या पाऊण वीत रुंद असतात, त्यांना खरंच ताकदवान सर्व्हो लागतात. शिकायच्या शांत ट्रेनर विमानाला लागत नाहीत. सर्व्हो निवडताना विमानाच्या आकाराकडे बघून निवडू नका, पट्टीची रुंदी आणि विमानाचा वेग बघा.

याला जोडून एक फुकटातला उपाय आहे जो बाजारात कुणी सांगत नाही कारण त्यात विकायला काही नाही. सर्व्होपासून पट्टीपर्यंत जाणारी तार, म्हणजे पुशरॉड, सर्व्होच्या हाताच्या आतल्या भोकात लावा आणि पट्टीवरच्या हॉर्नच्या (उभ्या तुकड्याच्या) बाहेरच्या भोकात. ताकद वाढते, ढिलेपणा कमी होतो, पट्टीची हालचाल मात्र कमी होते, आणि बऱ्याच वेळा आपल्याला तेच पाहिजे असतं. लोक करतात काय, तार बाहेरच्या भोकात लावतात, मग विमान फार उड्या मारतं म्हणून रिमोटमध्ये ५० टक्के करतात. म्हणजे सर्व्होची अर्धी चाल आणि अर्धी ताकद पण वाया घालवली. सायकलच्या स्पोकची तार वापरत असाल, आम्ही सगळे वापरतो, तर तारेच्या टोकाचा झेड आकाराचा बाक घट्ट बसेल एवढंच भोक पाडा, नाहीतर महागडा सर्व्हो घेऊन पण पट्टी कडकड वाजत राहणार.

गिअर. नायलॉन का मेटल. मेटल चांगलं आणि नायलॉन स्वस्तातलं असं सरळ नाहीये ते. नायलॉनचे दात आपटल्यावर तुटतात हे खरं पण नवीन असताना त्यात ढिलेपणा कमी असतो आणि वजन कमी. मेटलचे तुटत नाहीत, झिजतात, आणि सात-आठ महिन्यांनी हाताने हलवून बघितलं तर सर्व्होचा हात थोडा डुलतो. आपल्याकडे रनवे म्हणजे मुरुमाची जागा, त्यात दगड, पोटावर उतरताना एलेरॉन खाली असेल तर पहिला फटका सर्व्होला, त्यामुळे मी एलेरॉनला आणि पुढचं चाक वळवणाऱ्या सर्व्होला मेटल लावतो, बाकी ठिकाणी हट्ट नाही. एक मात्र, गिअर तुटला नाही म्हणजे धक्का नाहीसा झाला असं नाही, तो धक्का मग हॉर्न उपटतो किंवा हॉट ग्लू सोडवतो. हॉट ग्लूवर बसवलेला सर्व्हो तर उन्हात गाडीच्या डिक्कीत ठेवलेलं विमान बाहेर काढलं की आपोआपच सुटलेला असतो, ते वेगळंच दुखणं.

डिजिटल आणि अ‍ॅनालॉग यात फार अडकू नका. रिसीव्हर दोघांनाही एकाच प्रकारचे पल्स पाठवतो, साधारण १००० ते २००० मायक्रोसेकंदांचे, १५०० म्हणजे मधोमध. अ‍ॅनालॉग सर्व्हो आपल्या मोटरला सेकंदाला ५० वेळा ढकलतो, डिजिटल त्याच्या कितीतरी पट, ३०० वेळा वगैरे, म्हणून तो जागेवर जास्त घट्ट धरतो आणि तोंडाने सारखा गुणगुणतो. घट्ट धरायला करंट लागतो, म्हणजे परत तोच बीईसी. साध्या विमानाला अ‍ॅनालॉग पुरतो. हेलिकॉप्टरच्या शेपटीचे ७६० मायक्रोसेकंदवाले खास सर्व्हो कुठे स्वस्तात दिसले तर घेऊ नका, विमानाच्या रिसीव्हरला ते चालत नाहीत.

व्होल्टेजचं लेबल वाचाच. बहुतेक छोटे सर्व्हो ४.८ ते ६ व्होल्टचे. एचव्ही लिहिलेले सर्व्हो टूएस लिपो बॅटरीवर सरळ चालतात, ८.४ व्होल्टला. साधा सर्व्हो टूएसवर लावला तर धूर निघतो, आणि तो वास एकदा आला की कायम लक्षात राहतो.

आता दुकानातली फसगत. एसजी९० नावाचा निळा पारदर्शक सर्व्हो तुम्ही बघितला असेल, तसाच हुबेहूब दिसणारा ३६० अंशवाला पण मिळतो, तो रोबोटच्या चाकासाठी असतो, जागेवर थांबतच नाही, गोल फिरत राहतो. आमच्यातल्या एकाने तो एलेव्हेटरला लावला आणि स्टिक ओढल्यावर सर्व्होने पुशरॉड स्वतःभोवती गुंडाळून घेतला. नशीब टेबलावरच झालं. मोठ्या सर्व्होंमध्ये २७० अंशवाले पण असतात. घेताना १८० अंशवाला असं तोंडाने विचारून घ्या. आणि नकली माल तर इतका आहे की एमजी९०एस म्हणून घेतलेल्यात उघडल्यावर एक गिअर प्लास्टिकचा निघालाय, मी स्वतः बघितलाय.

म्हणून सर्व्हो विमानात बसवायच्या आधी मी किचनमध्ये त्याची परीक्षा घेतो, घरचे हसतात, हसू दे. आधी वजनकाटा, ग्रॅमभर इकडेतिकडे चालेल, पण साडेतेराचा दहा भरला तर काहीतरी काढलंय आतून. मग सर्व्हो टेस्टर, तो स्वस्त मिळतो, त्यावर सर्व्होला लांब हात लावून खाली कागद ठेवायचा आणि मध्यावर पेन्सिलीने रेघ मारायची. डावीकडून हळूच मध्यावर आणायचा, मग उजवीकडून. दोन्ही वेळा त्याच रेघेवर आला पाहिजे. दोन वेगळ्या ठिकाणी थांबत असेल तर तो सर्व्हो एलेव्हेटरला अजिबात नाही, कारण तो लावला तर विमान दर वळणानंतर थोडं वर नाहीतर थोडं खाली बघत राहणार आणि तुम्ही अख्खी फ्लाइट ट्रिमचं बटण मारून नाक सरळ करत बसणार. त्यानंतर ताकद. सर्व्हो टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळायचा, हातावर मध्यापासून २ सेंटीमीटरच्या भोकाला दोरी आणि दोरीला पाण्याची अर्धा लिटरची भरलेली बाटली. उचलली म्हणजे १ किलो-सेंटीमीटर खरं आहे. एमजी९०एसने ती उचललीच पाहिजे, कुरकुरत का होईना. शेवटी दहा मिनिटं सारखा डावा-उजवा पळवून हात लावून बघायचा, कोमट ठीक, चटका बसला तर दुकानात परत.

प्लगचं लवकर सांगतो. मधली वायर कायम लाल, म्हणजे प्लस. काळी किंवा तपकिरी मायनस, आणि पांढरी, पिवळी किंवा नारिंगी जी उरली ती सिग्नलची. फुटाबाच्या प्लगला बाजूला एक पातळ पट्टी असते, दुसऱ्या रिसीव्हरमध्ये बसत नसेल तर ती ब्लेडने कापायची, बस. सर्व्होच्या हातांचे दाते मात्र वेगळे असतात, फुटाबा पद्धतीचे २५, हायटेकचे २४, जेआरचे २३, त्यामुळे एकाचा हात दुसऱ्यावर जबरदस्तीने दाबला तर बसल्यासारखा वाटतो आणि हवेत सरकतो. सर्व्होबरोबर आलेले हात पिशवीतून काढून फेकू नका म्हणजे झालं.

आता रिसीव्हर. इथे पहिला प्रश्न, रिमोट कुठला आहे. सगळेच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात म्हणून कुठलाही कुठल्याही रिमोटला चालेल असं नाही, प्रत्येक कंपनीची बोली वेगळी. फ्लायस्कायचा एफएस-आय६ आहे, आपल्याकडे नवशिक्यांच्या हातात हाच जास्त दिसतो, तो एएफएचडीएस २ए बोलतो. स्पेक्ट्रम डीएसएमएक्स बोलतो, फुटाबाच्या फास्ट, एस-एफएचएसएस अशा बोली आहेत, फ्रस्कायमध्ये तर एकाच कंपनीत डी८, डी१६, अ‍ॅक्सेस, आणि वर युरोपवाल्या फर्मवेअरचा (आतल्या सॉफ्टवेअरचा) रिसीव्हर बाकी जगाच्या फर्मवेअरवाल्या रिमोटला बाइंडच होत नाही, म्हणजे जोडीच जमत नाही. कुणी सेकंडहँड फ्रस्काय रिसीव्हर देत असेल तर आधी बाइंड करून दाखव म्हणा मग पैसे द्या.

तुमच्याकडे मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूलवाला रिमोट असेल, रेडिओमास्टरचे काही येतात तसे, तर त्यात चार वेगवेगळ्या रेडिओ चिपा असतात आणि तो यातल्या बऱ्याच बोली बोलू शकतो. पुढे-मागे हा छंद टिकणार असेल तर मी म्हणेन पैसे त्या रिमोटमध्ये टाका, रिसीव्हर मग बराचसा जो हातात येईल तो चालतो.

ईएलआरएस म्हणजे एक्स्प्रेसएलआरएस, ही ओपन सोर्स बोली, हल्ली सगळे तिचंच नाव घेतात आणि लिंक खरंच दणकट आहे. पण घेताना दोन खड्डे आहेत. एक, तिचे जे नखाएवढे स्वस्त रिसीव्हर मिळतात ना, ते ड्रोनसाठी असतात, त्यांना सर्व्हो लावायला पिनाच नसतात. चार वायरी बाहेर येतात आणि त्या ड्रोनच्या फ्लाइट कंट्रोलर बोर्डाला जातात. विमानाला सरळ सर्व्हो लावायचे असतील तर पीडब्ल्यूएम आउटपुटवाला, म्हणजे प्रत्येक सर्व्होला वेगळी पिन असलेला, रिसीव्हर लागतो, रेडिओमास्टरचा ईआर मालिकेतला किंवा हॅपीमॉडेलचा ईपीडब्ल्यू६ असे. हेच एसबस, आयबसवाल्या रिसीव्हरचं, एका वायरवरून सगळे चॅनल जातात, ती वायर सर्व्होला लावून काही होत नाही. दुसरा खड्डा, रिमोटमधलं आणि रिसीव्हरमधलं फर्मवेअर एकाच पिढीचं पाहिजे, आवृत्ती २ वालं आणि आवृत्ती ३ वालं एकमेकांशी बोलत नाहीत. आणि हो, ९१५ मेगाहर्ट्झचा सेट मागवू नका. २.४ गिगाहर्ट्झ आपल्याकडे लायसन्सशिवाय वापरता येतो, खालच्या बाजूला आपला मोकळा पट्टा ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा आहे, ९१५ त्यात बसत नाही.

लांब रेंजचं आकर्षण सगळ्यांना असतं, मला पण होतं. पण डोळ्याने बघून उडवायचं म्हटल्यावर १४०० मिमीचं विमान अर्धा किलोमीटरवर गेलं की ते येतंय का जातंय हेच कळत नाही, मग पाच किलोमीटरची रेंज घेऊन करायचं काय. शिवाय हे नाशिक आहे. इकडे देवळालीचा तोफखाना, गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग, ओझरला एचएएल आणि विमानतळ, नाशिकरोडला नोटांची प्रेस. जागा ठरवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा उघडून झोन बघा, रेड झोनमध्ये फोमचं विमान पण विमानच असतं.

रिसीव्हरमध्ये मी खरं काय बघतो तर अँटेना आणि टेलिमेट्री. दोन अँटेना असतील तर चांगलं, आणि त्या एकमेकींना काटकोनात बसवायच्या, एक उभी एक आडवी, कारण विमान वळलं की एक अँटेना रिमोटकडे टोक करते आणि टोकाकडून तिला कमी ऐकू येतं. अँटेनाच्या वायरचं शेवटचं साधारण ३१ मिलीमीटर उघडं टोक तेवढंच कामाचं, बाकी नुसती केबल. ते टोक कापू नका, दुमडू नका, बॅटरी आणि कार्बन फायबरच्या पट्टीपासून लांब ठेवा. कोल्ड्रिंकची स्ट्रॉ फोममध्ये खोचून त्यात अँटेना सरकवली की काम फत्ते.

टेलिमेट्री म्हणजे रिसीव्हर उलट रिमोटला माहिती पाठवतो. एफएस-आय६च्या स्क्रीनवर इंट व्ही म्हणून जो आकडा दिसतो ना, तो रिसीव्हरला मिळणारं व्होल्टेज. मी दोन महिने तो आकडा रोज बघत होतो आणि त्याचा अर्थ मला माहीत नव्हता! तो हळू बदलतो, क्षणभराचा खड्डा त्यात दिसेलच असं नाही, पण ५ चा ४.५ दिसायला लागला तर त्या दिवशी उडवू नका.

मग मी शेवटी केलं काय. चार एमजी९९६आर काढले, चार एमजी९०एस टाकले, आणि वेगळा ५ व्होल्ट ३ अँपियरचा स्विचिंग यूबीईसी, म्हणजे ईएससीबाहेरचा सुटा बीईसी, लावला. स्विचिंग जातीचा बीईसी जास्तीचे व्होल्ट जाळत नाही, त्यामुळे गरम कमी होतो आणि थ्रीएस-फोरएसने त्याला फार फरक पडत नाही. तो लावताना ईएससीच्या प्लगमधली लाल पिन काढून टेप गुंडाळून ठेवायची, म्हणजे दोन बीईसी एकाच लाइनवर भांडणार नाहीत. दोन मोटरींच्या विमानात पण हेच, यूबीईसी नसताना दोन ईएससी असतील तर एकाची लाल काढायची. मग तीच टेबलवरची परीक्षा परत, सगळ्या स्टिक गोल गोल, मल्टिमीटर ४.९ च्या खाली आला नाही. जुन्या ईएससीवरच भागवायचं असेल तर रिकाम्या चॅनलला २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात, क्षणभराचे खड्डे त्याने भरतात, पण मुळात बीईसीच कमी पडत असेल तर तो म्हणजे नुसती मलमपट्टी.

रिसीव्हर बदलला की दोन गोष्टी प्रॉपेलर काढूनच. चॅनलचा क्रम बघा, फ्लायस्कायमध्ये पहिला एलेरॉन आणि तिसरा थ्रॉटल, स्पेक्ट्रममध्ये पहिलाच थ्रॉटल. जुन्या सवयीने वायरी लावल्या आणि एलेरॉनची स्टिक हलवली तर मोटर सुटते, आणि तेव्हा बोटं कुठे असतील सांगता येत नाही. दुसरं फेलसेफ. सिग्नल खरंच गेला तर रिसीव्हरने काय करायचं ते आधी सांगून ठेवावं लागतं, काही रिसीव्हर न सांगितल्यास शेवटची आज्ञाच पाळत राहतात, म्हणजे फुल थ्रॉटलवर सिग्नल गेला तर विमान फुल थ्रॉटलवर त्र्यंबकच्या दिशेने. मेनूमध्ये थ्रॉटल शून्य सेट करा आणि मग विमान कुणालातरी धरायला देऊन, मोटर थोडी चालवून, रिमोट सरळ बंद करून बघा. मोटर थांबली पाहिजे.

ते चार एमजी९९६आर बरेच दिवस डब्यात पडून होते. मागच्या आठवड्यात भाचा आला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या प्रोजेक्टला रोबोटचा हात बनवतोय, म्हटलं घेऊन जा. परवा त्याचा फोन आला.

"मामा, एक सर्व्हो चालतो, दोन एकदम हलवले की बोर्डच रिसेट होतो. बोर्ड खराब आहे वाटतं, नवीन मागवू का?"

मी विचारलं पॉवर कुठून दिलीस.

"बोर्डाच्याच पाच व्होल्टच्या पिनमधून."